कॅलेंडरच्या मागची पालवी

मागच्या अंकात मी अण्णांच्या कॅलेंडरांबद्दल लिहिलं होतं. ज्यांच्या हाती तो अंक लागला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माझे वडील भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पानांमागे पेन्सिलीने काय काय टिपून ठेवायचे, विजेचं बिल भरलं, चष्म्याची दांडी बसवून आणली, नळाचा वायसर बदलला असलं सगळं, आणि वर्षातून एकदाच एक शब्द असायचा, 'पालवी'. त्या दिवशी आमच्या खिडकीसमोरच्या पिंपळाला पहिली पानं दिसली एवढाच त्याचा अर्थ. ते गेल्यावर माळ्यावर बावीस वर्षांची कॅलेंडरं निघाली, सुतळीने बांधलेली. त्यावर मी दीड पान लिहिलं आणि मला वाटलं संपला विषय, पण तुमची इतकी पत्रं आलीत की या वेळी दुसरे प्रश्न बाजूला ठेवून फक्त वसंत आणि घरच्या आठवणी एवढंच घेतेय. काही पत्रं लांब होती ती कापलीत, राग मानू नका.

प्रश्न : ताई, आईला जाऊन सहा वर्षं झाली. थंडी संपली की मी गरम कपडे धुवून ठेवते तेव्हा तिची शाल कपाटातून बाहेर काढते, फक्त एकदा वास घेते आणि परत ठेवते. फोटो बघून मला काही होत नाही पण शालीचा वास आला की मी तिथेच खाली बसते. असं का होतं? आणि दर वर्षी तो वास कमी होत चाललाय असं वाटतं, तो टिकवायला काही करता येईल का?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग उठून आमची ट्रंक उघडली, म्हणजे बघा.

आपण जे बघतो, ऐकतो, ज्याला हात लावतो ते सगळं मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या एका नाक्यावर जातं आणि तिथून पुढे वाटलं जातं. वासाला हा नाका लागत नाही. नाकाच्या वरच्या बाजूला मेंदूचा जो वासाचा भाग आहे त्याची वाट जवळजवळ थेट भावनांच्या आणि आठवणींच्या केंद्रांकडे जाते, ॲमिग्डाला आणि हिप्पोकॅम्पस अशी त्यांची नावं. म्हणून फोटो बघताना आपण आधी 'ही आई, हे अमुक साल' असं ओळखतो आणि मग वाईट वाटतं, वासाच्या बाबतीत क्रम उलटा होतो, पोटात आधी कालवतं आणि कशाचा वास ते नंतर कळतं. आणखी एक गोष्ट, शब्दांनी किंवा फोटोंनी जाग्या होणाऱ्या आठवणी बहुतेक दहा ते तीस या वयातल्या निघतात पण वासाने उठणाऱ्या आठवणी बऱ्याचदा त्याहून आधीच्या, पहिल्या दहा वर्षांतल्या असतात असं अभ्यासात दिसलंय. तुम्ही खाली बसता तेव्हा तुम्ही सहा-सात वर्षांच्या असता, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि हे नेमकं ऋतू बदलतानाच का, तर त्यालाही साधं कारण आहे. थंडीत वासाचे कण फारसे उडत नाहीत. हवा तापायला लागली की कापडातून, लाकडातून, मातीतून, कागदातून ते सुटायला लागतात. म्हणजे पौष-माघात जे कपाट गप्प असतं ते फाल्गुनात बोलायला लागतं. पहिल्या वळवाच्या सरीनंतर मातीचा वास येतो ना, त्याला १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी पेट्रिकोर असं नाव दिलं. त्यातला जिओस्मिन नावाचा पदार्थ मातीतले जिवाणू तयार करतात, आणि तो हवेत लाख कोटी भागांत पाच-दहा भाग असला तरी माणसाच्या नाकाला कळतो. एवढं तिखट नाक असल्यावर सहा वर्षांपूर्वीची शाल ओळखणं काहीच नाही.

आता टिकवायचं कसं. वास कमी होतोय हे खरं आहे, कण उडून जातात. पण एक गंमत लक्षात घ्या, नाक दोन-तीन मिनिटांतच एका वासाला सरावतं, त्यामुळे परत परत हुंगत बसलात तर वास आहे तेवढाच असतो पण तुम्हाला येईनासा होतो. तुम्ही वर्षातून एकदाच घेता ते फार शहाणपणाचं आहे. शाल डांबरगोळ्यांजवळ अजिबात ठेवू नका, एका उन्हाळ्यात डांबरगोळी सगळं गिळून टाकते, हे मी अण्णांच्या मफलरच्या बाबतीत करून बसलेय. काचेची घट्ट झाकणाची बरणी घ्या किंवा जाड झिपची पिशवी, हवा काढून बंद करा आणि अंधाऱ्या गार जागी ठेवा. मात्र शाल आधी नीट कोरडी आहे ना बघा, नाहीतर बंद पिशवीत बुरशी धरेल आणि मग वास कोणाचा ते बघायलाच नको. कायमचं नाही टिकणार. पण वर्षं वाढतील.

प्रश्न : आमच्या घरी दर वर्षी भाऊ-बहिणी जमलो की भांडण ठरलेलं. लहानपणी झाडावरून पडून हात मोडला तो माझा की धाकट्याचा यावर आमचं तीस वर्षं एकमत नाही! आई होती तेव्हा ती हसायची, सांगायची नाही, आता ती नाही. खोटं कोण बोलतंय?

कोणीच नाही. आणि हात ज्याचा मोडला त्याचा एक्स-रे काढला तर क्वचित जुन्या मोडाची खूण दिसेलही, पण तुम्ही तो काढू नका, भांडणातली मजा जाईल.

गमतीने म्हणाले, पण विषय गमतीचा नाही. अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस नावाच्या मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९९५ साली एक प्रयोग छापला. २४ जणांना त्यांच्या लहानपणच्या चार हकिकती वाचायला दिल्या. तीन खऱ्या, घरच्यांकडून विचारून घेतलेल्या, आणि एक बनावट, तुम्ही पाच वर्षांचे असताना मोठ्या दुकानात हरवला होतात आणि एका वयस्कर व्यक्तीने तुम्हाला सोडवलं अशी. साधारण चौथ्या हिश्श्याच्या लोकांना ती न घडलेली गोष्ट थोडीफार किंवा पूर्ण आठवली. काहींनी त्यात आपल्या पदरचे तपशीलही घातले. कारण काय, तर घरच्यांनी सांगितलंय म्हणजे झालंच असणार. घरात ऐकलेल्या गोष्टी आपल्या डोळ्यांनी बघितल्यासारख्या होऊन बसतात. तुमच्या धाकट्याने हात मोडल्याची गोष्ट शंभर वेळा ऐकलीय, शंभर वेळा मनात बघितलीय, त्याचा हात खरंच दुखत असेल.

दुसरं असं की आठवण ही कपाटात ठेवलेली वस्तू नाही, काढली, बघितली, जशीच्या तशी ठेवली असं होत नाही. २००० साली उंदरांवरच्या प्रयोगात असं दिसलं की जुनी पक्की आठवण परत जागी केली की ती काही काळ पातळ होते आणि नव्याने घट्ट व्हावी लागते. म्हणजे परत ठेवताना त्यात आजचं काहीतरी मिसळायला वाव असतो. जी गोष्ट आपण सगळ्यात जास्त वेळा सांगतो ती सगळ्यात जास्त हाताळलेली असते, नोटेसारखी.

माझंच सांगते. पिंपळाची मोठी फांदी वळवाच्या वादळात कोसळली तो दिवस मला लख्ख आठवतो. संध्याकाळ, लाईट गेलेले, रस्त्यावर सगळीकडे कोवळी तांबूस पानं, आणि आजी पायरीवर उभी, एका हाताने पदर धरलेला, म्हणतेय "गेली गं बाई". हे मी दोन वेळा छापूनही आणलंय. दादाचं म्हणणं त्याची दहावी चालू होती त्या वर्षी फांदी पडली. मी म्हणायचे नाही, आजी होती, म्हणजे त्याच्या आधी. कॅलेंडरं सापडल्यावर दोघं जमिनीवर बसून एकेक पान उलटत गेलो. 'फांदी पडली. लाईट रात्री दीडला आले.' तारीख निघाली ती दादाच्या दहावीनंतरच्या वर्षाची. आणि आजी जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

दादा काही बोलला नाही. मी ते पान हातात धरून बसले. मला आजी अजूनही त्या पायरीवर दिसते, आत्ता हे लिहितानाही, पदर धरलेला हातसुद्धा डावा. ती बहुतेक दुसऱ्याच कुठल्यातरी संध्याकाळची आजी आहे, मी तिला उचलून वादळात आणून उभी केलीय. तर तुमच्या धाकट्याला माफ करून टाका.

प्रश्न : वसंत नक्की कधी सुरू होतो? माझी मुलगी दक्षिण गोलार्धात राहते, ती म्हणते तुमचा वसंत तुमच्यापाशी ठेवा, माझ्याकडे पानं गळतायत.

मुलगी बरोबर आहे. तिचा वसंत सप्टेंबरात. पृथ्वी साधारण साडेतेवीस अंश कललेली आहे, मार्चमध्ये आपला उत्तरेचा भाग सूर्याकडे वळायला लागतो आणि तिचा दूर जायला लागतो. सूर्य जवळ-लांब असण्याचा यात संबंध नाही, उलट पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, आपण कुडकुडत असतो तेव्हा.

सुरुवात कधी, तर ज्याच्या त्याच्या हिशेबाने. खगोलवाल्यांचा २० मार्चच्या आसपास, दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा. हवामानवाले सोयीसाठी १ मार्च धरतात. आपलं पंचांग चैत्र-वैशाख म्हणतं. आणि आमच्या अण्णांचा पेन्सिलीने ठरायचा. एक मात्र आहे, त्या २० मार्चच्या आगेमागे दिवस सगळ्यात भराभर मोठा होत असतो, डिसेंबर-जूनमधे तो जवळजवळ हलतच नाही, म्हणून 'अरे, सात वाजले तरी उजेड आहे' हे आपल्याला एकदम एखाद्या दिवशीच जाणवतं.

प्रश्न : आमचे बाबा दर वर्षी या दिवसांत खिडकीत बसून डोळे पुसायचे. आई सांगायची, त्यांची आई याच दिवसांत गेली म्हणून. आम्ही मुलं त्या वेळी आवाजसुद्धा करायचो नाही. आता मी त्यांच्या वयाला आलोय आणि माझ्याही डोळ्यांतून याच दिवसांत पाणी येतं, डॉक्टर म्हणाले ॲलर्जी आहे. ताई, मग बाबा रडत नव्हते का?

अहो काय प्रश्न विचारलात! मी हसले आणि मग गप्प बसले.

ॲलर्जीची शक्यता खरंच आहे. ही प्रवृत्ती बऱ्याचदा घराण्यात उतरते, आणि झाडं-गवतं फुलली की परागकण हवेत सुटतात. इंग्लंडमधल्या जॉन बॉस्टॉक नावाच्या डॉक्टरने १८१९ साली स्वतःच्याच डोळ्या-नाकाच्या पाण्याचं वर्णन लिहिलं, त्याला वाटायचं उन्हामुळे होतंय. परागकणांमुळे होतं हे चार्ल्स ब्लॅकली याने १८७३ साली पुस्तक छापून मांडलं, आणि तोही स्वतःच त्याचा रुग्ण होता. म्हणजे डॉक्टरांनाही कळायला पन्नासेक वर्षं लागली, तुमच्या आईला कसं कळणार.

पण दोन्ही खरं असू शकतं ना. डोळ्यात पाणी आलंच आहे तर माणूस आठवून घेतो कोणालातरी. तुम्ही गोळी घ्या, सकाळी खिडक्या बंद ठेवा, बाहेरून आलात की तोंड धुवा. आणि बाबांबद्दलचं मत बदलायची घाई करू नका.

प्रश्न : आजोबा सारखे म्हणतात आमच्या वेळी पालवी उशिरा यायची, आता सगळं लवकर येतंय. मला वाटतं म्हाताऱ्या माणसांना सगळंच आधीचं वेगळं वाटतं. कोण बरोबर? (मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे.)

अगं, बी.एस्सी.ला आहेस तर आजोबांना आधी हे विचार, त्यांनी कुठे लिहून ठेवलंय का. नुसतं 'आमच्या वेळी' याला किंमत कमी, तारखेला जास्त. माझी आजी पायरीवर उभी होती ते वर वाचलंसच.

पण तारखा ठेवणारे लोक जगात होऊन गेलेत आणि त्यांचं म्हणणं आजोबांच्या बाजूने जातं. इंग्लंडमधल्या नॉरफक भागात रॉबर्ट मार्शम नावाचे एक जमीनदार होते, त्यांनी १७३६ पासून वसंताच्या २७ खुणा टिपायला सुरुवात केली, पहिलं फूल कधी, ओकला पान कधी, बेडूक कधी ओरडले, पहिली पाकोळी कधी दिसली. १७९७ मधे ते वारले. मला आवडतो तो भाग यापुढचा, त्यांच्या मुलाने लिहिणं चालू ठेवलं, मग नातवंडांनी, मधे काही वर्षांचा खंड आहे पण त्या घराण्यातली माणसं १९५८ पर्यंत टिपत राहिली. दोनशेहून जास्त वर्षं एका घरातली माणसं खिडकीबाहेर बघतायत आणि तारीख लिहितायत! त्यांना वाटलंही नसेल की याचा पुढे कोणी अभ्यास करेल. त्या वह्यांवरून ज्या वर्षी हिवाळ्याच्या शेवटी हवा उबदार त्या वर्षी ओकचं पान लवकर, हे आकड्यांत मांडता आलं.

जपानमधे क्योटोच्या चेरीचा हिशेब तर त्याहून जुना, नवव्या शतकापासूनचा. राजदरबारातल्या लोकांच्या रोजनिशा, जुन्या बखरी यातून फुलं ऐन बहरात कधी होती त्या तारखा शोधून काढल्यात. २०२१ साली तो बहर २६ मार्चला आला, तोवरच्या बाराशे वर्षांतला सगळ्यात लवकरचा. त्याच्या आधीची सगळ्यात लवकरची तारीख २७ मार्च होती, ती १४०९ सालीही नोंदलेली आहे. पण एखाद्या वर्षी लवकर येणं वेगळं आणि अलीकडे बहर सारखाच आधी आधी येत जाणं वेगळं, हा फरक तू आजोबांना नीट समजावून सांग.

झाडाला कसं कळतं हेही तू खाली विचारलंयस. थंड मुलुखातली बरीच झाडं गारठा मोजतात म्हण हवं तर, ठरावीक थंडी खाल्ल्याशिवाय त्यांच्या कळ्या उबेलाही भुलत नाहीत, नाहीतर जानेवारीतल्या चार उबदार दिवसांत फुटून मग गारठून मेल्या असत्या. शिवाय दिवस किती मोठा झाला हेही कळतं त्यांना. आपल्या पिंपळासारख्यांचं वेगळं, तिथे थंडीपेक्षा कोरड महत्त्वाची. कोरड्या दिवसांत पानं टाकून द्यायची म्हणजे पाणी उडत नाही, आणि मग खोडात-मुळांशी राखलेल्या पाण्यावर पाऊस यायच्या आधीच नवी पानं काढायची. ती तांबूस असतात ते अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे, हिरवा रंग तयार व्हायला वेळ लागतो तोवर कोवळ्या पानाला उन्हापासून आणि किडींपासून त्याचा आडोसा होतो असं मानतात. एकदा एक पान उजेडाकडे धरून बघ, शिरा गुलाबी दिसतात, आणि हाताला ते ओलसर रबरासारखं लागतं, आठवड्यात कडक होतं.

तुझ्या प्रश्नाचा उरलेला भाग. प्रत्येक पिढी आपल्या लहानपणी जे दिसलं तेच मूळ समजते आणि तिथून पुढचा बदल मोजते. डॅनियल पॉली या मासेमारीच्या अभ्यासकाने १९९५ साली हे मांडलं, समुद्रातल्या माशांबद्दल बोलताना. तू विसाव्या वर्षी जे बघतेयस ते तुला नॉर्मल वाटतंय. आजोबांचं नॉर्मल पन्नास-साठ वर्षं मागे आहे. म्हणून त्यांना खोडून काढायच्या आधी त्यांच्याकडून दोन-चार पक्क्या खुणा काढून घे. 'उशिरा यायची' नको, 'वार्षिक परीक्षेच्या आधी की नंतर' असं विचार. परीक्षेची तारीख शोधता येते.

प्रश्न : आई-वडिलांकडून जुन्या आठवणी रेकॉर्ड करून घ्यायच्या आहेत. मोबाईल समोर ठेवला की दोघं भाषण द्यायला लागतात, 'आमचं बालपण फार कष्टात गेलं' वगैरे. काय करू?

मोबाईल समोर ठेवू नका, हे पहिलं. बाजूला ठेवा, उलटा, रेकॉर्डिंग चालू करून, त्यांना सांगून अर्थात, चोरून नाही. आणि 'बालपण कसं होतं' असं विचारू नका, त्याचं उत्तर भाषणच असतं. वस्तू विचारा. दाराला कडी होती की कुलूप, किल्ली कोणाकडे असायची. उकडायला लागलं की कोण कुठे झोपायचं, उशी कोणाला मिळायची, रात्री पहिला आवाज कशाचा यायचा. मी एकदा आईला विचारलं, तुमच्या घरात सगळ्यात आधी कोण उठायचं, आणि ती चाळीस मिनिटं बोलली, त्यात तिच्या एका काकूची अशी गोष्ट निघाली की ती आमच्या कोणालाच माहीत नव्हती. इथे छापणार नाही, काकूची नातवंडं हे मासिक वाचतात.

चुकलं तर दुरुस्त करू नका. साल चुकू दे, नाव चुकू दे, ते नंतर बघता येतं. दोघांना एकत्र बसवलं तर एक जण बोलतो आणि दुसरा 'तसं नव्हतं ते' म्हणतो, त्याचीही मजा असते पण निदान एकदा तरी वेगवेगळं घ्या. बोलता बोलता थांबले की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, दहा सेकंद गप्प बसा, खरी गोष्ट बहुतेक त्या दहा सेकंदांच्या पलीकडे असते. सुरुवातीला तुम्ही स्वतः तारीख आणि कोण कोण बसलंय ते बोला. फाईलला नाव द्या, 'न्यू रेकॉर्डिंग सतरा' असं ठेवलंत तर वर्षभराने तुम्हालाच सापडणार नाही, आणि दोन ठिकाणी कॉपी ठेवा, एक तरी मोबाईलच्या बाहेर.

फोटोंचं म्हणाल तर मागे बॉलपेनने लिहू नका, टोक उमटतं आणि शाई उतरते. जुन्या कागदी फोटोंना मऊ पेन्सिल चालते, कडेला, हलक्या हाताने. गुळगुळीत रंगीत फोटोंवर पेन्सिल उमटतच नाही, ते पाकिटात घाला आणि पाकिटावर लिहा, पण आधी लिहा आणि मग फोटो आत घाला. नावं पूर्ण लिहा. 'मी आणि ताई' असं लिहिलेले आमच्याकडे अकरा फोटो आहेत, त्यातली मी कोण आणि ताई कोण हे सांगणारं आता कोणी नाही.

प्रश्न : सासूबाईंना विसरण्याचा आजार आहे. सकाळचं आठवत नाही पण लग्नाआधीचं सगळं स्वच्छ सांगतात. हवा बदलली की जास्तच, 'घरी जाऊ या' म्हणतात, आणि ते घर केव्हाच पडलंय. मी काय उत्तर देऊ?

नवं आधी जातं आणि जुनं शेवटपर्यंत टिकतं हे तेओद्यूल रिबो नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने १८८१ सालीच लिहून ठेवलंय, त्याच्या नावाने तो नियम ओळखला जातो. त्यामुळे त्या मुद्दाम करत नाहीत हे तुम्हाला माहीत आहेच.

'ते घर पडलं' हे सांगू नका. दर वेळी त्यांना ते नव्याने कळेल आणि दर वेळी तेवढंच लागेल. घराबद्दल विचारा, अंगण कुठल्या बाजूला होतं, झाड होतं का. बऱ्याचदा 'घरी जाऊ या'चा अर्थ मला इथे बरं वाटत नाहीये एवढाच असतो, उकडत असेल, बाथरूमला जायचं असेल, संध्याकाळचा उजेड बदलला म्हणून घाबरल्या असतील, ते आधी बघा, खोलीतला दिवा जरा लवकर लावून बघा. आणि 'मला ओळखलंत का' ही परीक्षा कोणालाही घेऊ देऊ नका, पाहुण्यांना दारातच सांगा, आत आल्यावर स्वतःचं नाव सांगून नमस्कार करा म्हणावं. एकदम फार गोंधळ वाढला, एका-दोन दिवसांत, तर ती हवा नाही, डॉक्टरांना दाखवा, म्हाताऱ्या माणसांत साध्या लघवीच्या इन्फेक्शननेही तसं होतं.

तुम्ही स्वतः झोपता का नीट? पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही.

प्रश्न : सगळे वसंत वसंत करतात, मला या दिवसांत नकोसं होतं. माझंच काही चुकतंय का?

नाही. सगळं जग फुलत असताना आपण आत कोमेजलेलो असलो की ते जास्त टोचतं, थंडीत निदान सगळेच कोमेजलेले असतात. ऋतूप्रमाणे येणाऱ्या उदासीचं वर्णन नॉर्मन रोझेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली केलं, ते मुख्यतः हिवाळ्यातल्या उदासीचं, पण काही जणांना ती उलट गरम दिवसांतही येते. शिवाय कोणी या दिवसांत गेलेलं असेल तर तारीख लक्षात नसली तरी अंगाला उन्हाचा तिरपा कोन लक्षात असतो. पण दोन आठवड्यांच्या वर राहिलं, झोप-भूक गेली, नको ते विचार यायला लागले तर वाट बघू नका, डॉक्टरांकडे जा, आणि आजच्या आज एका माणसाला तरी सांगा. मला लिहिलंत तसंच.

प्रश्न : पिंपळाचं काय झालं? आहे का अजून? या वर्षीची तारीख कोण लिहितं?

हा प्रश्न एकोणीस जणांनी विचारलाय, म्हणून शेवटी घेतला.

आहे. फांदी पडली त्या जागी आता मोठी गाठ आहे, तिच्यात दर वर्षी साळुंक्या घर करतात. अण्णा गेले त्या वर्षीच्या कॅलेंडरवर 'पालवी' नाही. पुढची दोन वर्षंही कोणी लिहिलं नाही, आम्हाला माहीतच नव्हतं की लिहायचं असतं. या वर्षी मी ठरवून बसले, भिंतीवरचं कॅलेंडर, अण्णांचीच बोटभर उरलेली पेन्सिल. रोज सकाळी चष्मा लावून खिडकीत. एका मंगळवारी दिसली, वरच्या टोकाला, तांब्याच्या रंगाची, एवढीशी. घाईघाईने पान उलटलं, लिहायला गेले, तर मागे आधीच लिहिलेलं. दोन दिवस आधीच्या तारखेसमोर, गिचमिड अक्षर, 'पालवी', आणि पुढे प्रश्नचिन्ह.

नातीचं अक्षर. ती सात वर्षांची आहे, शाळेची रिक्षा पिंपळाखाली थांबते, तिला खालची फांदी दिसते जी मला खिडकीतून दिसत नाही. मी माझी तारीखही खाली लिहिली. आता दोन आहेत. दादाला फोन करून सांगितलं तर म्हणाला, "मग अण्णा कुठून बघायचे, खिडकीतून की खालून?"

मी खिडकी म्हणते. तो खालून म्हणतो.